जिनिंगमागची जागा

जिनिंग बंद पडली त्या साली
मागच्या पडीक जागेत उरलं होतं :
एका चाकाची रेंगी, तेलाची तीन पिंपं,
गंजके पत्रे, सरकीचा वास.
नेवारे मिस्त्रीनं आम्हाला चावी दिली नाही,
कुलूपच काढून नेलं.
जाताना ठेवली हातोडी, आणि डब्यात वाकडे खिळे.
"आधी सरळ करा. मंग काय बांधाचं थे बांधा."

आम्ही जहाज बांधलं.
समुद्र कोणीच पाहिला नव्हता,
म्हणून पुढं बैल जुंपायला जागा ठेवली.

छबूचा अंगठा काळानिळा झाला.
तिची माय भांडायला आली,
जहाजावर चढली, पाय आपटून पाहिला.
"इथं एक खिळा कमी हाये," म्हणाली.

पुढं सिडाम मॅडमनी वर्गात सांगितलं,
लांब कुठंतरी, लढाईत पडलेल्या शहरांत
पोरं विटांच्या ढिगाऱ्यात खेळायची.
कोण्या शहाण्याला सुचलं,
हीच यांची बाग. हातोड्या द्या फक्त.
आम्हाला नवल नाही वाटलं.
छबूनं विचारलं, "तिथं खिळे कोण सरळ करे?"

आता तिथं कुंपण आहे,
पाटीवर सात सूचना,
आणि पिवळी घसरगुंडी
जी चैतापासून कोणाला बसू देत नाही.

परवा गेलो तर मिस्त्रीचा नातू
कुंपणाबाहेर, पऱ्हाट्यांच्या ढिगात अर्धा शिरलेला.
"काय बांधून रायला बे?"
त्यानं वर पाहिलं नाही.
"ठरलं नाई अजून.
थो डबा इकडं सरकवा."