पहिला मजला

निवेस कोचान्चिचला सहा वर्षं
चौथ्या मजल्यावर सगळे ओळखत होते.
तिथे फुफ्फुसं बघतात.
फुंका, म्हणायचे, अजून, अजून, अजून,
आणि पडद्यावरची रेघ
टेकडी चढता चढता मध्येच बसायची.
मग पंपाचा रंग बदलायचा.
निळा होताच, त्याला तपकिरी जोडला, मग जांभळा.
हिवाळ्यात पाच दिवस गोळ्या. चेहरा सुजायचा,
पण झोप लागायची.
आणि त्या पाच दिवसांत
तिला चक्क वास यायचा.

हे तिने कुणाला सांगितलं नाही.
वास आला म्हणावं
तर एरवी येत नाही, हेही म्हणावं लागलं असतं.

त्रिएस्तेच्या बंदराला लागून गोदाम.
आठ देशांची पोती,
हिरव्या दाण्यांची धूळ तिरिपेत तरंगणारी.
निवेस कॉफी चाखते. पगार नाकाचा.
गोल टेबल, बारा वाट्या,
चमचा तोंडाशी नेऊन सुर्रकन ओढायचं,
आणि हळूच बघायचं समोरच्या दुइलिओकडे.
त्याची डावी भुवई उठली की फळासारखं काही.
ओठ मुडपला की बुरशी.
तीन वर्षं ती कॉफी नव्हे,
त्याचा चेहरा पीत होती.

बोरा वारा सुटला की हे शहर भिंती धरून चालतं.
अशाच एका रात्री नाक गच्च, तोंड उघडं,
घशामागून थेंब थेंब काही उतरत राहिलेलं,
आणि पहाटे तीनला छातीत मांजराची पिल्लं.
कपाळ ठणकतंय म्हणून
तिने एक साधी ऍस्पिरिन घेतली.
अर्ध्या तासात ओठ निळे.

सकाळी पलंगाशी नवी डॉक्टर, झुलियानी,
बुटांच्या नाड्या सुटलेल्या.
फुंका म्हणाली नाही.
"कॉफी दिली का इथे? कशी होती?"
निवेसच्या जिभेवर शब्द तयार होते:
जाई, लिंबाची साल, शेवटी थोडा गूळ.
तिने ते गिळले.
"गरम," म्हणाली. "गरम होती."

मग लिफ्ट. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला.
इथे नाक बघतात.
दुर्बिणीत दिसले सोललेल्या द्राक्षांचे घोस,
फिकट, ओलसर, वाट अडवून बसलेले.
डॉक्टरने जेवणाच्या चिठ्ठीमागे एक रेघ काढली,
नाकपुडीपासून थेट खालपर्यंत,
पेन न उचलता.
"रस्ता एकच. मजले आम्ही पाडले."

रेड्याला दुखणं आणि पखालीला औषध, म्हणतात.
पण इथे पखालही आजारीच होती,
रेड्याच्याच पाण्याने.

घोस काढले. नाकात दोन दिवस कापूस,
उशीवर रक्ताचे ठिपके.
मग रोज सकाळ-संध्याकाळ बेसिनवर वाकून
या नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी,
त्या नाकपुडीतून बाहेर,
कपडे भिजवणाऱ्या वेंधळ्या हत्तीसारखं.
वर फवारा. खाली पंप, पण एक कमी.
दर पंधरवड्याला पोटात सुई,
द्राक्षं पुन्हा धरू नयेत म्हणून.
पाकिटात लाल अक्षरांचं कार्ड: ऍस्पिरिन नको.
गोदामात तोंडावर मास्क.
"पूर्ण बरं होईल?"
"नाही. मुठीत राहील."

वास आला तो मार्चमध्ये,
आणि कॉफीचा नाही.
भिजलेल्या गोणपाटाचा. ओल्या कुत्र्यासारखा, उग्र.
ती पोत्यात तोंड खुपसून उभी राहिली
तेव्हा हमाल हसले.
जिना चढून ती वर आली
आणि मध्ये कुठे थांबली नाही,
हे तिच्या लक्षात रात्री आलं.

दुइलिओला सांगितलं तेव्हा कान तापले होते तिचे.
तो चमचे पुसत होता.
"माहीत होतं," म्हणाला.
"उगाच का भुवई इतकी उडवायचो?
बायको म्हणते, डोळ्याला झालंय काही."

मग त्याने टोपी नाकापर्यंत ओढली,
चेहरा झाकून घेतला,
आणि सात नंबरची वाटी पुढे सरकवली.

ती वाकली.
बराच वेळ काही बोलली नाही.
"धूर," म्हणाली. "आणि... थांब.
घाई करू नकोस."