अर्धा सेकंद मागे

वॉर्सॉच्या मोकोटूफ भागात, एका तळघरातल्या स्टुडिओत
लुत्स्यान ग्रोहोव्स्की चहाचा ग्लास
घडी घातलेल्या हातरुमालावर ठेवतात.
बशी वाजलेली माइकला खपत नाही.
एकेचाळीस वर्षं ते परदेशी मालिका पोलिशमध्ये वाचताहेत.
नायक, खुनी, सासू, सहा वर्षांचं पोर, एकदा तर पोपटसुद्धा,
सगळ्यांना एकच आवाज. यांचा.
रडायचं नाही, ओरडायचं नाही,
नटाच्या ओठांमागून अर्धा सेकंद अंतर राखून
चालत राहायचं, इस्त्रीचा कोट घातल्यासारखं.

आज पान नऊ. पार्किंगमध्ये पडलेला डिटेक्टिव्ह,
बरगडीवर हात दाबून म्हणतो,
"हा नुसता मिनी-बॉस. खरा बॉस पुढच्या लेव्हलला."
लुत्स्यान काच ठोठावतात:
"हा कुठल्या कारखान्यात नोकरीला आहे?"

पलीकडे यागना, वय सव्वीस, हेडफोन मानेत,
हसू गिळते आणि समजावते.
ते पेन्सिलीनं समासात लिहून घेतात, शाळकरी अक्षरात.

पूर्वी माणसं पत्त्यांतून बोलायची,
बुद्धिबळातून, घोड्यांच्या शर्यतींतून.
मरण एकदाच यायचं,
म्हणून मरताना वाक्यं लांबलचक असायची;
एकाला तर त्यांनी पावणेचार मिनिटं मरताना वाचलं होतं.
आता जो तो तुटक बोलतो,
खिशात अजून दोन लाइफ शिल्लक असल्यासारखा.

"लॅग?"
"बटण दाबलं तरी माणूस जरा उशिरा उडी मारतो, तो."
"अच्छा. माझा धंदा."

"आणि ही आई मुलाला म्हणते, मी तुझ्यासाठी एनपीसी आहे. ते काय?"
"गेममधली बाकीची माणसं. दुकानदार, पहारेकरी.
त्यांना कुणी खेळत नसतं.
हिरो समोर आला की ठरलेलं वाक्य बोलतात,
परत आला की परत तेच."
(मराठीत मला जवळचा शब्द सुचतो कच्चं लिंबू,
पण कच्च्या लिंबाला निदान पळायला तरी मिळतं.)
लुत्स्यान बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले.
"पगार असतो का त्यांना?"

पान दहा. हॉस्पिटल.
डॉक्टर, तरुण, दमलेला, एका बाईला सांगतोय,
"तो रिस्पॉन होणार नाही."
भाषांतर करणाऱ्या किंगानं शब्द तसाच ठेवून
पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

"मेल्यावर परत उगवणं," यागना म्हणाली.
"कुठे?"
"शेवटचं जिथे सेव्ह केलं असेल तिथे."

शेवटचं कुठे.
मार्चमधला मंगळवार असावा.
तेक्ला सूपसाठी बीट चिरत होती, बोटं मनगटापर्यंत लाल,
मीठ पुरे का बघ, म्हणाली, चमचा पुढे करून.
यांनी पेपरातून मान वर न काढता
हं म्हटलं,
चव न घेता.
तिथे कुणी काही सेव्ह केलं नाही.
तसं बटण ओट्यावर नव्हतं,
असतं तर त्यावर पेपर पसरलेला असता.

"रोलिंग," यागना म्हणाली.

डॉक्टरनं तोंड उघडलं.
लुत्स्यान म्हणाले, "तो परत येणार नाही."
स्क्रीनवर दोन लाटा उमटल्या, एक इंग्रजी, एक पोलिश,
आणि यागनानं पहिल्यांदाच पाहिलं
की त्या एकाच जागी सुरू झाल्या,
एकाच जागी संपल्या.
मध्ये नखभरही फट नाही.
नियमानं ही चूक. प्रेक्षकाला डॉक्टर ऐकूच येणार नाही.

तिचं बोट बटणावर गेलं.
"पुन्हा घेऊ या?"

त्यांनी ग्लास उचलला. चहा गार,
तळाशी लिंबाची चकती.
"घेता येतं," ते म्हणाले, "या खोलीत घेता येतं,"
आणि घसा खाकरून
कोटाचं वरचं बटण लावलं, जे
आधीच लावलेलं होतं.