जॉब मोठा, स्पीड कमी

वागळे इस्टेटमध्ये एकवीस वर्षं मी लेथवर.
पहिल्या दिवशी तांडेल मिस्त्रीनं शिकवलं ते एवढंच:
जॉब मोठा, तर स्पीड कमी.
बारका असेल तर पळव.

काल शर्वाणीनं वही पुढे केली.
पप्पा, गुरू सगळ्यात मोठा,
आणि त्याचा दिवस दहा तासांचाही नाही.
म्हटलं, छपाईची चूक असेल.
एवढं धूड त्या स्पीडनं फिरवलं
तर चकमधून सुटून थेट कोपरी गाठेल.
ती म्हणाली, मधोमध फुगलाय तो, बाईंनी चित्र दाखवलं.
मग गप्प बसलो. फुगणारच.

शुक्र उलटा फिरतो, आणि इतका रेंगाळत
की स्वतःभोवती एक फेरा पुरा व्हायच्या आत
त्याचं वर्ष संपून जातं.
तिथे सूर्य उगवताना कामाला लागलेला माणूस
दुपारचा डबा उघडणार महिन्याभरानं.
भाजीचं काय होत असेल.

आपल्या पृथ्वीचं मात्र मी ऐटीत सांगितलं: चोवीस.
नाही पप्पा, फेरा तेवीस तास छप्पन्न मिनिटांतच होतो.
तोवर आपण पुढे सरकलेलो असतो ना,
वरची चार मिनिटं सूर्यासमोर परत यायला.

ही चार मिनिटं मला ठाऊक आहेत.
मशीन थांबल्यापासून कार्ड पंच करेपर्यंतची,
रॉकेलनं हात धुवायची,
कुठल्याच पगारपत्रकात न आलेली.

तांडेल चेंदणीचा. तो म्हणायचा,
खाडीला पाणी आज आलं त्याहून उद्या पाऊण तास उशिरा.
पुढचं वहीत होतं:
भरतीचं पाणी तळाला घासतं, पृथ्वी मंदावते,
शंभर वर्षांत दिवस वाढतो
सेकंदाच्या जेमतेम दोन हजारांश भागानं.

दोन थाऊ.
दोन थाऊ चुकले म्हणून माझे चाळीस बुश
एकदा भंगारात गेले होते.

स्विच बंद केला तरी चक फिरत राहतो बराच वेळ.
घाई असली की मी त्यावर तळहात टेकवायचो.
ऊब लागायची, आवाज उतरत जायचा,
आणि तांडेल मागून शिव्या घालायचा: बोटं जातील, भाड्या.

आज सुटल्यावर कळव्याच्या पुलावर स्कूटर उभी केली.
खाडी भरत होती.
चिखलावर चढत, तिवरांच्या मुळांत शिरत,
काळसर, तेलकट,
तळवा टेकवून.
तिच्यावर कुणी ओरडत नव्हतं.