स्थिर फायली, हर्णै

बंदी उठायला दोन दिवस होते.
सोसायटीच्या माडीवर, बर्फ कारखान्याच्या घरघरीत,
मी डीबग बंद केलं,
पान उघडलं, तर नागडं.

नागडं म्हणजे पांढऱ्यावर काळं,
दुवे निळे, अधोरेखित, एकाखाली एक,
आणि बोटीच्या फोटोच्या जागी
तिकिटाएवढी फाटकी चौकट.
तीन आठवडे घासाघीस करून ठरवलेला हिरवा
कुठेच नाही.

सेक्रेटरी पावसे चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"पावतीबुकासारखं दिसतंय."
मग माझं तोंड बघून,
"म्हणजे, बरं दिसतंय."

माझ्या लॅपटॉपवर सगळं होतं.
तिथे तोच एक प्रोग्रॅम हिशेबही करायचा
आणि रंगाचे डबेही उचलून आणायचा,
घरचं कार्य असल्यासारखा.
सर्व्हरवर त्याने हात वर केले.
आपलं काम डिझेल, बर्फ, नोंदी. हमाली नाही.

खाली इम्तियाज होडेकर
आकडीने लाद्या ओढत होता.
चिठ्ठी दिसली की लादी टेम्पोत, थेट.
लादीसाठी कुणी जिना चढत नव्हतं.
भाव विचारायला चढत होते,
तो सकाळ-संध्याकाळ बदलतो.
मी बघत राहिले. चहावर साय आली.

मग फायली एका फोल्डरात गोळा केल्या,
एकशे सत्तावीस,
आणि दारावरच्या सर्व्हरला बजावलं,
या मागितल्या तर आत विचारू नकोस, इथूनच दे.
तो म्हणाला, चारशे तीन.
फोल्डर माझ्या नावावर, वाचायची मुभा फक्त मला.
ती दिली.
चारशे चार.
पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ राहिली होती.
रात्री दीडला हिरवा आला.
बघायला पावसे नव्हते, कुणीच नव्हतं.

एक तारखेला सुवर्णदुर्गाच्या पल्याडून
धर्मा तांडेलचा फोन, तुटत तुटत,
"गो, परवाचं ते साधं पान कुठे गेलं?
ते पटकन यायचं.
आता आधी बोट येते, डोलकाठीपासून खाली, सावकाश.
बर्फाचा भाव दिसेस्तोवर
माझी बोट धक्क्याला लागेल!"

बोट काढली नाही मी.
नऊशे केबीची चाळीसवर आणली,
भाव तिच्या डोक्यावर नेऊन ठेवला,
आणि फाइलीच्या नावामागे नवा आकडा जोडला,
नाहीतर धर्माचा फोन
जुनीच बोट धरून बसला असता.