कोंबडा चार वेळा विकला गेला

हिशोबाची वही माझ्याकडे असते.
दरसाल कापणीच्या सणाला
छावणीतल्या देवळापुढं टेबल टाकून बसते मी,
दोन पेनं, पावतीपुस्तक,
आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात सुटे पैसे.

यंदा उपासना संपता संपेना.
म्हणजे पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, आमेन झालं,
माणसं चपला शोधायला वाकलीसुद्धा,
तेवढ्यात मागच्या बाकांवरून विद्यापीठाची पोरं उठली,
टांझानियाची, काँगोची, एक मलावीची,
गात गात, डुलत डुलत वेदीकडं निघाली.
ज्या शहाबादी फरशीवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या
पाय न वाजवता चाललो
तिच्यात एवढा ताल होता?

त्रिभुवनांची ढोलकी आधी बिचकली,
मग तिनं कुणाला विचारलं नाही.
रेल्वे क्वार्टरातले तेलुगू लोक टाळ्यांत शिरले.
सुवार्ताबाई मगरे, दोन्ही गुडघे बदललेल्या,
काठी माझ्या टेबलाला टेकवून
पदर खोचून थेट रांगेत.
हालेलूया तेवढं सगळ्यांना येत होतं,
बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या भाषेत निभावलं.

मग लिलाव.
एलिशा खरात, मोंढ्यात हमाली करून आवाज कमावलेला,
एकेक दान डोक्यावर धरून ओरडतो:
लाल भोपळा! बाजरी पाच पायली!
मक्याची कणसं घ्यायला काँगोची पोरं तुटून पडली,
भाव असा चढला की
मका पिकवणारा गंगापूरचा बरनबास
तोंडावर रुमाल धरून हसत बसला.

सावलीत याकोबमामा.
निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेला.
बराका नावाच्या पोराला शेजारी बसवून
त्याची परीक्षा घेत होता.
किताब? — किताबू.
दुनिया? — दुनिया.
हिशोब? — हेसाबू. दोघांनी माझ्याकडं बोट केलं.
करीब? — करीबू! म्हणजे या, जवळ या.
मामा खुर्चीतून अर्धा उठला:
"अगं, हे तर आपल्याच शाळेचं पोर की!
काहून इतके दिवस मागं बसवलं याला?"

आणि कोंबडा.
तांबडा, तुरेवाला, पाय सुतळीनं बांधलेले.
पहिल्यांदा तीनशेला गेला. घेणाऱ्यानं परत दान दिला.
दुसऱ्यांदा पाचशे. परत दान.
तिसऱ्यांदा बोली स्वाहिलीत लागली,
मिआ सिता! — एलिशा बोटं मोजून म्हणाला, सहाशे एक वार!
बराकानं घेतला, कुरवाळला, पुन्हा टेबलावर ठेवला.
मी वहीत तीच ओळ तिसऱ्यांदा लिहीत होते
तेव्हा तो माझ्या कानाशी आरवला.

जूनमध्ये नीमा माझ्या दारात उभी होती,
माडीवरची खोली बघायला.
म्हटलं, गेली खोली.
पुन्हा आली, मैत्रिणीला घेऊन. म्हटलं, पाहुणे यायचेत.
मग फोन आला. वाजू दिला.
खोलीत तेव्हापासून ज्वारीची पोती आहेत
आणि उंदीर.

पेन थांबलं होतं. शाई एका शून्यात पसरत होती.
चौथी बोली साडेसातशे.
नाव? मी मान खाली घालूनच विचारलं.
"नीमा," ती म्हणाली, जणू पहिल्यांदाच सांगत होती.
पैसे मोजून दिले. सुतळी सोडली.
कोंबडा काखेत घेऊन तिथंच उभी राहिली,
घामेजलेली, अजून गाण्यात अर्धी,
आणि शिकल्या मराठीत, एकेक शब्द ठेवत म्हणाली:
"मावशी, हॉस्टेलमध्ये कोंबडा चालत नाही.
तुमच्याकडे जागा आहे?"

पलीकडं ढोलकी पुन्हा सुरू झाली होती.
एलिशाला म्हटलं, संध्याकाळी मोकळा आहेस का रे?
माडीवरून पोती उतरवायचीत.