झालंय का?

फेब्रुवारीतल्या एका पहाटे, गॅलिसियाच्या डोंगरात,
घंटेनं सांगितलं, अमारो गेला.
पुरुषाला नऊ टोले. मग शांतता.
मग पुन्हा नऊ.

पाद्री म्हणतो, स्क्रीन ढिम्म हलेना,
म्हणून परत दाबलं बटण,
लिफ्टचं दाबतो ना आपण, तसं.
त्याला काय बोलणार? स्क्रीन जुनी,
आणि प्रोग्राम माझा.

खाली सगळे दारांत आलेले.
अमारोचं ठाऊकच होतं, तीन आठवडे अंथरुणाला खिळलेला.
पण दुसरा कोण?
ओब्दुलियानं गावातले पुरुष मोजले:
हातापायांची बोटं संपली, एक उरला.
मग बॅटऱ्या घेऊन निघाली माणसं दारं ठोठावत,
गिरणीपलीकडचंसुद्धा,
जिथं बांधाच्या भांडणानंतर चार वर्षं
कुणी पाऊल टाकलं नव्हतं.
सेसारियोनं दार उघडलं, स्वेटर उलटा घातलेला.
म्हणाला, “मेलो नाहीये. कॉफी घेणार?”

सोमवारी मला लुगोहून बोलावणं आलं.

एकाहत्तर पायऱ्या. वर मोटर, वायरी, कबुतरांची घाण.
बरोबर देल्मिरो, थांबत थांबत;
मोटर यायच्या आधी अडतीस वर्षं
दोरी त्याच्या हातात होती.

मी लिहिलेलं साधंच होतं.
एक खूण, सुरुवातीला ‘नाही’.
कुणी बटण दाबलं की आधी विचारायचं: झालंय का?
झालं असेल तर निमूट परत फिरायचं.
नसेल तर नऊ टोले द्यायचे
आणि मग खुणेचं ‘हो’ करायचं.

त्या ‘आणि मग’मध्ये घात होता.
नऊ टोल्यांना लागतो दीड मिनिट.
चौथा टोल हवेत असताना
दुसरं बटण आत आलं, विचारलं, झालंय का?
खूण म्हणाली, नाही.
खोटं नाही बोलली ती.
खरंच व्हायचं होतं अजून.

मग खूण आधी करावी?
तर तिसऱ्या टोल्याला वीज जाईल
(इथं वारा सुटला की जातेच)
आणि अमारो राहील तीन टोल्यांवर,
यंत्राच्या लेखी पूर्ण गेलेला,
गावाच्या लेखी कुणीच नाही.
दोनदा की अर्धवट,
यातलं काय पत्करायचं
हे मला कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं.

देल्मिरोला विचारलं. तो म्हणाला,
“त्या कोनाड्यात एक चेस्टनट असायचा.
दोरीला हात लावायच्या आधी तो खिशात.
वर कुणी निरोप घेऊन आलंच,
तर कोनाडा रिकामा बघून खाली उतरायचं.”
आणि मध्येच तुझा हात थांबला असता तर? छातीत कळ वगैरे?
“तर टोले कमी पडले असते.
खाली मोजतात की.
मोजणारं कुणी आहे म्हटल्यावर
ओढणाऱ्यानं इतकं घाबरू नये, पोरी.”

तर मी दोनाच्या तीन खुणा केल्या:
नाही, चाललंय, झालं.
‘चाललंय’ असताना आत कुणाला शिरू द्यायचं नाही,
आणि त्यातच वीज गेली तर स्वतः काही ठरवायचं नाही,
पाद्र्याला उठवायचं.
खूण मृताच्या नावानं ठेवणार होते.
देल्मिरो म्हणाला, नावानं नको,
गेल्या वर्षीसुद्धा एक अमारो गेला.
मग चर्चच्या वहीतला आकडा घेतला.

तपासून पाहायचं तर खरी घंटा कशी वाजवायची?
लोळीला त्याची जुनी शाल गुंडाळली.
बटण दाबलं. परत दाबलं. चिडल्यासारखं अकरा वेळा दाबलं.
शालीतून नऊ ठोके आले, दबलेले,
कुणी दुसऱ्या खोलीत उशी झटकावी तसे.
नऊच.

उतरले तर झऱ्यापाशी ओब्दुलिया, हातात बादली.
“आता दोनदा नाही ना वाजणार?”
नाही, म्हटलं. कधीच नाही.
“बरं,” म्हणाली.
बादली भरून वाहू लागली होती,
ती गिरणीच्या रस्त्याकडे बघत होती.
“कॉफी मात्र छान करतो हं तो.”