अर्धी टाकी

निवड समितीत तिसरी खुर्ची माझी.
साहेबांनी कागद बघायचे, डॉक्टरांनी छाती,
आणि मी, मारुती पासलकर, निवृत्त चालक,
पोरं गाडीत कशी चढतात ते बघायचं.

भवानी पेठेतलं केंद्र. वखारींच्या लाकडाचा वास
शर्टाला, चहाला, अर्जांच्या गठ्ठ्यालाही.
सत्तावीस अर्ज. स्वयंसेवक हवेत, पगार नाही,
बूट मिळतील, मापाचे मिळतीलच असं नाही.

साहेब प्रत्येकाला विचारतात, का यायचंय?
"समाजसेवा," सगळे म्हणतात,
बाहेर रांगेत कुणी पढवून ठेवल्यासारखे.
एक म्हणाला, "मला सायरन आवडतो."
सगळे हसले. मी नाही हसलो.
मलाही आवडायचा.

मग निनाद कुदळे. उंचापुरा,
शिडीवर असा चढला की खालचे बघतच राहिले.
छाती, डोळे, पोलिसांचा दाखला, सगळं चोख.
जाता जाता विषय निघाला
माघात जळालेल्या रद्दीच्या गोदामाचा.
"पोत्यांच्या मागून पेटलं ना ते, खालच्या खिडकीपाशी,"
आणि डोळे असे चमकले,
मिठाईचा पुडा सुटताना पोराचे चमकतात तसे.

पंचनाम्यात खिडकी नाही.
कुठल्या पेपरात नाही.
साहेबांनी पेन खाली ठेवलं.
आम्ही त्याला चहा दिला, बस म्हटलं जरा,
आणि साहेब आतल्या खोलीत फोन करायला गेले.
चहावर साय धरली. त्याने प्यायला नाही.

उरलेल्यांना मी गाडीपाशी नेलं.
सांगा, कुठली गाडी लवकर उलटते,
भरल्या टाकीची की रिकाम्या?
निम्मे भरली म्हणाले, निम्मे रिकामी.

अर्धी, बाळांनो.
भरलेलं पाणी जागा सोडत नाही,
अर्धं पाणी मात्र, तुम्ही वळलात तरी सरळच जातं,
आणि तुम्ही वळून मोकळे झालात
की मग वळतं.
उथळ पाण्याचा खळखळाट तुम्ही म्हणीत ऐकलाय,
मी पाठीमागे, दोन फुटांवर ऐकलाय.

पुढचं त्यांना सांगितलं नाही.
सत्त्याण्णव साल, गुलटेकडीचा उतार,
मुकुंदनगरात तिसऱ्या मजल्यावर धूर,
सिग्नल लाल, माझा भोंगा चालू,
म्हणजे रस्ता माझ्या बापाचा.
सायकलवर बन्सी लोणारी,
कॅरियरला कोथिंबिरीच्या जुड्या.
भोंगा ऐकून सगळं शहर बाजूला झालं,
त्याला ऐकू येत नव्हतं. हे मला नंतर कळलं.

तिकडे दुधाचं पातेलं करपलं होतं.
बाईंनी झाकण ठेवलं, खिडकी उघडली, विझलं.
आम्ही पोचलोच नाही.
घरात अजून कोथिंबीर निवडायला घेतली
की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

शेवटची रेहाना तांबोळी.
मार्केटयार्डातून कोंढव्यापर्यंत
अंड्यांचा टेम्पो चालवते, पहाटे चारला.
शिडीवर तिला धाप लागली, डॉक्टरांनी भुवई उचलली.
मी म्हटलं, गाडी काढ.

भोंगा बंद, पण वाजतोय असं समज.
आग लागलीय, पोरं अडकलीत, हाण!
सेव्हन लव्हज चौकात दिवा लाल.
थांबली. वेग कमी केला असं नाही, थांबलीच.
अगं घाई आहे, मी ओरडलो, तोंडाला फेस येईस्तोवर.
तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे,
मग झेब्रा पट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्याकडे,
तो आपल्याकडे बघेपर्यंत बघत राहिली.
मग माझ्याकडे न वळता म्हणाली,
"काका, अंडी."

परत आलो तेव्हा निनादची खुर्ची रिकामी होती,
फाटकातून एक जीप बाहेर पडत होती, भोंगा न वाजवता.

तिच्या नावापुढे मी खूण केली.
कोठीत पाच नंबरचा बूट नाही, कारकून म्हणाला,
सातच्या खाली काही येतच नाही.
तिने सातचा जोड उचलला, आत हात घालून पाहिला,
आणि विचारलं,
"जुने पेपर आहेत का थोडे?"